किंचित सर्दी

रविवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळी ७

उद्यापासून नऊ दिवस घर माझ्या ताब्यात.

बायको पुलांची तपासणी करते. पूल कुठे तडकलाय, कुठे गंजलाय, हे दोराला लटकून बघते आणि लिहून देते. या वेळचा पूल लांब डोंगरात आहे. साइटवर रेंज नाही. संध्याकाळी कँटीनमागच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की थोडी येते म्हणे.

गुंडी वीस महिन्यांची आहे. खरं नाव मोठं आहे, पण जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी वाटली म्हणून गुंडी. चालते, पळते, चौदा शब्द बोलते. त्यातल्या सहांचा अर्थ 'नको' असाच होतो.

बायकोने सुचवलं, आईला बोलावून घेऊ. मी नम्रपणे नकार दिला. सासूबाईंबद्दल मला आदर आहे. चार मुलं वाढवली त्यांनी. पण अंदाजाने. मी पार्सलच्या डेपोत शिफ्टचं प्लॅनिंग करतो. बेचाळीस माणसं, तीन शिफ्ट, सात गाड्या. अकरा वर्षांत चार्ट नाही म्हणून एकही गाडी अडली नाही. (ड्रायव्हर नाही म्हणून अडल्या. तो वेगळा विभाग.) बेचाळीस जणांना जो हलवतो त्याला एक गुंडी काय जड आहे.

ऑफिसातून व्हाइटबोर्ड आणला. चार मार्कर. निळा म्हणजे झोप, हिरवा जेवण, काळा माझं घरून करायचं काम, लाल म्हणजे अनपेक्षित. लाल रंगाला दिवसाला वीस मिनिटं दिली. जास्त झाली, पण असू दे.

संकल्प: रोज टिपण लिहायचं. आवाज चढवायचा नाही. मोबाइलवर कार्टून दाखवायचं नाही. सासूबाईंना फोन करायचा नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ८.४०

बायको पहाटे गेली. जाताना गुंडीच्या कपाळाला ओठ लावून म्हणाली, जरा कोमट वाटतेय. मी म्हटलं, पांघरुणातून काढलेलं मूल कोमटच असतं.

गुंडीला साडेआठला पाळणाघरात सोडायचं होतं, आठ एकतीसला सोडलं. हे एक मिनिट आठवड्याभरात भरून काढू.

११.१५

पाळणाघरातल्या ताईंचा फोन. नाक वाहतंय, अंग तापलंय, घेऊन जा. मी विचारलं, तापलंय म्हणजे नेमकं किती? मला आकडा हवा. त्यांनी आकडा दिला. निघालो.

दुपारी ३

गुंडी माझ्या डाव्या खांद्यावर चिकटली आहे. खाली ठेवली की भोंगा. उचलली की भोंगा बंद. अतिशय सोपं यंत्र आहे, फक्त बंद ठेवायला एक माणूस पूर्णवेळ लागतो. एका हाताने ऑफिसची चार मेल लिहिली. मोठ्या साहेबांना गेलेल्या मेलमध्ये शेवटी अकरा वेळा 'ज' पडला. ती गुंडीच्या कोपराची भर. साहेबांचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' म्हणजे मुद्दा पोहोचला.

लाल रंगाची वीस मिनिटं सकाळी साडेअकराला संपली.

७.२०

बायकोचा फोन. मागे वारा नुसता घोंघावत होता. गुंडी कशी आहे विचारलं. मी म्हणालो, किंचित सर्दी. टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला तपशील देऊ नयेत. पाय घसरायचा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळी १०

ताप उतरला नाही. गुंडी सारखी उजवा कान ओढते. रडण्याची पट्टी बदलली आहे. काल गुरगुर होती, आज शिट्टी.

माझं निदान: दाढा येताहेत. दाढांमुळे ताप, तापामुळे नाक, आणि कान हा नाकाचा शेजारी. सगळं बसतं.

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका जिना चढून आले. त्यांचं दुकान बरोबर आमच्या बैठकीच्या खोलीखाली आहे. पासष्टीचे असतील. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाले, "कान दुखतोय तिचा. हे रडणं कानाचं आहे." मी त्यांचे आभार मानले. मनात म्हटलं, काका, तुम्ही काज-गुंड्या बघा, ही गुंडी मी बघतो. विनोद चांगला होता, पण ऐकायला कोणी नव्हतं.

दुपारी १.३०

कान आहे.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा टाकून पाहिलं आणि एका सेकंदात सांगितलं. मी माझा दाढांचा सिद्धांत मांडला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि मग गुंडीशी बोलल्या. दोन औषधं दिली. एक तापाचं, एक कानाचं. कानाचं गुलाबी आहे.

४.१५

गुलाबी औषध देण्याची पद्धत. पहिला प्रयत्न, चमच्याने: पडद्यावर. दुसरा प्रयत्न, गाणं म्हणत: माझ्या चष्म्यावर. तिसरा प्रयत्न, मी स्वतः पिऊन दाखवलं. गुंडीने टाळ्या वाजवल्या आणि 'आणखी' म्हणाली. हा तिचा पंधरावा शब्द. मला वाटलं आणखी द्या म्हणतेय, म्हणून चमचा पुढे केला. ती म्हणत होती, आणखी प्या.

चौथ्या वेळी गेलं पोटात. मोबाइलवर कार्टून चालू होतं. हा संकल्पभंग नाही. कार्टून हा औषधाचा भाग आहे.

७.३०

बायकोचा फोन. किंचित सर्दी कशी आहे? म्हटलं, सर्दी कमी आहे. हे शब्दशः खरं आहे. सर्दी खरंच कमी झाली. कानाबद्दल तिने विचारलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ६.५०

गुंडी उठली आणि डोळे उघडेनात. दोन्ही पापण्या चिकटलेल्या. घाबरून तिनेही रडायला सुरुवात केली. 'ही' चुकून लिहिलंय, मी घाबरलो नव्हतो. फक्त पटकन उठलो आणि दाराची कड पायाच्या करंगळीला लागली.

कोमट पाण्याने पुसले, उघडले. आत लालभडक.

९.३०

डोळे आलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळणाघरात साथ आहे, एकदम दोन-तीन गोष्टी घेऊन येतात मुलं. थेंब दिले. दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत, म्हणजे आठ कुस्त्या. हात स्वच्छ धुवा म्हणाल्या, तुम्हालाही लागू शकतं. मी सांगितलं, माझी प्रकृती दणकट आहे. त्यांनी मान हलवली. अकरा वर्षांत आजारपणाची रजा घेतलेली नाही, हेही सांगितलं. त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बोर्डावर नवीन रंग हवेत. घरात होते तेवढे संपले. कान लाल, डोळे लालवर रेघ, ताप लालवर दोन रेघा. लांबून बोर्ड रेल्वेच्या नकाशासारखा दिसतो.

दुपारी १२.१०

व्हिडिओ मीटिंग होती. डेपोची सगळी टीम. मी पडद्यावर नीटनेटका, वर शर्ट. गुंडी मांडीवर होती, कॅमेऱ्याच्या खाली, म्हणजे कोणाला कळायचं कारण नव्हतं. मी पुढच्या आठवड्याच्या गाड्या समजावत असताना गुलाबी औषधाने दुसरा परिणाम दाखवला. आवाज मोठा होता. बेचाळीस माणसं एकदम गप्प झाली. मी 'पुढचा मुद्दा' म्हणालो. माझ्या हाताखालची सहायक म्हणाली, "सर, तुम्ही जा, पुढचं मी बघते." मी म्हणालो, गरज नाही. मग वास आला आणि गरज पडली.

४.००

जुलाब. सकाळपासून सहा. डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, औषधाने होतात कधी कधी, पाणी पाजत राहा, भरपूर पाजा, पाण्यावर लक्ष ठेवा.

ठेवलंय. बोर्डावर निळ्याने 'पाणी' लिहिलं.

७.२५

बायकोने विचारलं, डोळे का असे दमलेले वाटतात? फोटोत माझे डोळे होते. गुंडीचा फोटो मी पाठमोरा पाठवला होता. म्हणाली, तिचं तोंड दाखव ना. मी म्हणालो, रेंज जाते बहुतेक. आणि खरंच गेली. मी नाही तोडली. तोडायच्या आधी एक सेकंद ती आपली आपणच गेली.

सासूबाईंचाही फोन आला होता. तीनदा. उचलला नाही. संकल्प फोन न करण्याचा होता, पण त्याचा आत्मा बघायला हवा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ९

गुंडीच्या तळहातांवर लाल ठिपके. तळपायांवरही. लगेच कारण सापडलं. लाल मार्करचं टोपण काल उघडं राहिलं होतं. साबणाने धुतले. जात नाहीत. मार्कर चांगल्यापैकी आहे. बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी लावणार होतो, पण बाटलीवरचं वाचून बेत रद्द केला.

सकाळी काही खाल्लं नाही. केळं दिलं, तोंडाला लावून रडली. बिस्किट, तेच. दूध, तेच. हट्टीपणा. आईवर गेली आहे.

दुपारी १

आजचा दिवस चांगला चालला आहे, हे नोंदवून ठेवायला हवं. कालच्या गोंधळानंतर घराला शिस्त लागली.

जुलाब पूर्ण बंद. सकाळी सहाला घातलेला डायपर अजून कोरडा ठणठणीत. एकच डायपर सात तास. बुधवारी मी जे वेळापत्रक बसवलं त्याचा हा परिणाम. रडणंही कमी. रडते तेव्हा डोळ्यांतून पाणीसुद्धा येत नाही, म्हणजे नुसतं नाटक, हे मी ओळखलं. आत्ता शांत पडून आहे. औषधाला कुस्ती केली नाही, पाण्याला नको म्हणाली नाही. पाणी तोंडातून बाहेर आलं, पण नको म्हणाली नाही.

बोर्ड पहिल्यांदाच सगळा निळा. फोटो काढून ठेवला.

रात्री ८.१०

क्रमाने लिहितो.

सव्वादोनला शिंपीकाका माझी दुरुस्त केलेली पँट द्यायला वर आले. गुंडी सोफ्यावर होती. नेहमी त्यांच्या गळ्यातली टेप ओढते, आज नुसतं पाहिलं. काकांनी तिच्या गालाला हात लावला. मग विचारलं, "शू कधी केली हिने?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. सकाळी सहाचा डायपर, अजून कोरडा.

काकांनी पँट जमिनीवर टाकली. म्हणाले, "चप्पल घाल."

मी म्हणालो, काय झालं. ते म्हणाले, "आठ तास मूल मुतलं नाही, त्यात काल जुलाब. चप्पल घाल आधी." तोवर गुंडीला त्यांनी उचललं होतं. दुकान उघडंच टाकून आले. मशीनवर अर्धी शिवलेली कुणाची तरी बाही तशीच होती.

डॉक्टरीणबाईंनी गुंडीचं तोंड उघडून आत दिवा टाकला. मला बोलावून दाखवलं. जिभेवर, गालाच्या आत, घशापाशी, सगळीकडे फोड. मग तळहात पाहिले. मी म्हणालो, तो मार्कर आहे. त्या म्हणाल्या, "हा मार्कर नाही. एकाच आजाराचे फोड आहेत, तोंडात आणि हातापायांवर. तोंडात आग होते म्हणून ती काही घेत नाहीये. आणि शरीरातलं पाणी संपत आलंय." आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी बिनसुईची सिरिंज दिली आणि एका भांड्यात साखर-मिठाचं गार पाणी. तापाचं औषध दिलं, तोंडातली आग कमी व्हायला. म्हणाल्या, दर पाच मिनिटांनी थोडं थोडं, गालाच्या आतल्या बाजूने. सहापर्यंत लघवी झाली नाही तर दाखल करू आणि सलाइन लावू.

बायकोला फोन लावला. लागला नाही. लागणारच नव्हता, मला माहीत होतं. तरी सात वेळा लावला. संध्याकाळी तिचाही आला नाही.

मग सासूबाईंना लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, आई, गुंडीला. पुढचं वाक्य तयार होतं, व्यवस्थित, क्रमाने, पण ते आलं नाही. त्यांनी विचारलं, "कुठे आहात तुम्ही?" मी दवाखान्याचं नाव सांगितलं. म्हणाल्या, "निघते." एवढंच.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत एक खुर्ची आणि भिंतीवर घड्याळ. काका दारात उभे राहून मिनिटं सांगत होते. "झाली पाच." मी सिरिंज. अर्धं बाहेर. "झाली पाच." मी सिरिंज. गुंडी माझ्या हातावर नुसती पडून होती. वजन कमी वाटत होतं, आणि जड वाटत होतं, दोन्ही. चौदाव्या सिरिंजला तिने पहिल्यांदा गिळलं. सोळाव्याला माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हणालो की चुकलं माझं. तिच्या पंधरा शब्दांत 'चुकलं' हा शब्द नाही.

नर्सबाईंनी डायपर काढून ठेवला होता, कळायला सोपं जावं म्हणून. पाच चाळीसला माझी मांडी गरम झाली. मग पँट. मग खुर्ची.

माझ्यासाठी एवढं चांगलं कोणी कधी काही केलं नव्हतं. मी तसाच ओल्या पँटने बाहेरच्या खोलीत गेलो आणि थांबलेल्या सगळ्यांना सांगितलं की शू झाली. एक आजोबा म्हणाले, अभिनंदन. त्यांना बहुधा वाटलं, माझी.

मी रडलो नाही. घरात डोळ्यांची साथ आहे, त्यामुळे पाणी येतं.

सासूबाई सातला आल्या. एक पिशवी, तिच्यात दोन साड्या आणि टॉवेल. गुंडीला घेतलं, तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली, आणि मी बघितलं तर माझे दोन्ही हात अजून तसेच, काहीतरी धरल्यासारखे होते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ११

एकंदरीत पाहता, कालची परिस्थिती मी वेळीच हाताळली.

गुंडी बरी आहे. ताप उतरतोय. सासूबाई गार दूध एकेक चमचा देतात. गाणं नाही, कार्टून नाही. नुसत्या शेजारी बसतात आणि गुंडीकडे बघतच नाहीत, आणि ती तोंड उघडते. हे कसं, मी विचारलं. म्हणाल्या, "तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं की ती मिटते. तुम्हीही मिटाल." डेटा नाही, पण मुद्दा आहे.

मी त्यांना बोर्ड समजावून सांगितला. त्यांनी सगळा ऐकला. शेवटी विचारलं, "यात तुमची आंघोळ कधी आहे?" नव्हती. सोमवारपासून नव्हती. त्यांनी टॉवेल दिला.

दुपारी २

बायकोचा फोन. या वेळी, भर दुपारी. साइटवरची जीप घेऊन खाली गावापर्यंत आली होती, खास फोनसाठी. सकाळी टाकीवर चढलेल्या कँटीनवाल्याकडून सासूबाईंचा निरोप पोहोचला.

म्हणाली, "किंचित सर्दी?"

मी सगळं सांगितलं. या वेळी खरोखर सगळं. मग ती म्हणाली, "आजारी पडली याचा राग नाहीये मला. मी असते तरी पडली असती. पण मला काय झेपेल हे तू का ठरवलंस?"

मी म्हणालो, तू टाकीवर उभी होतीस.

ती म्हणाली, "मी रोज पुलाखाली लटकते रे. तुझं वाक्य मला पाडणार होतं?"

याला उत्तर आहे माझ्याकडे. सुचलं की लिहितो.

४.३०

अजून सुचलं नाही. खरं म्हणजे पाय घसरायची भीती तिची नव्हती. मला तिने 'मग आईला बोलाव' म्हणायला नको होतं. हे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही.

बायको तीन दिवस आधी येतेय. रविवारी.

शनिवार, १६ नोव्हेंबर. सकाळी १०

गुंडीचं सगळं सुधारतंय. डोळे स्वच्छ, कान ओढत नाही, सकाळी अख्खं केळं खाल्लं आणि साल काकांच्या दुकानात नेऊन दिली. आता सोळा शब्द. सोळावा 'आजी'. माझ्यासाठीचा शब्द अजून 'उचल' हाच आहे.

सहायकेचा फोन. मी तिला विचारलं, माझ्यावाचून फार गडबड झाली का? म्हणाली, नाही सर, या आठवड्यात सातही गाड्या वेळेवर सुटल्या. मी विचारलं, माझा चार्ट वापरला ना? म्हणाली, "सर, तुम्ही आणखी दोन दिवस घेतले तरी चालेल." काळजी करणारी मुलगी आहे. ऑफिसात गेल्यावर तिचं कौतुक करीन.

संध्याकाळी ६

थोडं थकल्यासारखं वाटतं. घसा खवखवतो. इतके दिवस सतत गाणी म्हटली, त्याचा परिणाम. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावायचा प्रयत्न केला. मी हसून बाजूला झालो. तोल गेला, पण फ्रिज होता.

रविवार, १७ नोव्हेंबर. दुपारी १२

बायको आली. गुंडी दारापर्यंत पळत गेली आणि तिच्या बुटावरचा चिखल हाताने काढत बसली, जणू हे काम राहिलं होतं. बायको तिथेच उंबऱ्यावर बसली. दोघी बराच वेळ तशाच.

मला भेटली तेव्हा म्हणाली, बारीक झालास. मग मिठी मारली, आणि लगेच मागे होऊन म्हणाली, "तू भट्टीसारखा तापलायस." मी म्हणालो, उन्हातून आल्यामुळे तुझे हात गार आहेत. या वाक्यात काहीतरी चुकलंय, हे मला म्हणता म्हणताच कळलं.

६.००

तळहातांवर काही ठिपके दिसले. आठवडाभर इतके कपडे पिळले, कातडी नाजूक होते. जेवलो नाही, भूक नव्हती. गिळायला थोडा त्रास होतो, पण मुख्य कारण भूक नाही हेच.

डोळे सकाळी जरा चिकटले होते. झोप गाढ लागली असणार.

मी पूर्णपणे ठीक आहे. उद्यापासून ऑफिस.

सोमवार, १८ नोव्हेंबर. दुपारी १

गुंडीला फेरतपासणीला न्यायचं होतं. बायको म्हणाली, तूही चल. मी म्हणालो, चला, चौघी तिला नेताय तर मी डॉक्टरांना आठवड्याचा आढावा देईन. चौघी म्हटल्यावर बायकोने सासूबाईंकडे पाहिलं. 'दोघी' म्हणायचं होतं. ताप नव्हता, फक्त दोन-दोन दिसत होतं.

गुंडीची तपासणी दोन मिनिटांत झाली. सगळं उत्तम.

मग डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, बसा. मी सांगितलं, तुम्ही मुलांच्या डॉक्टर. म्हणाल्या, "आजारही मुलांचाच झालाय." लहान स्टुलावर बसलो. दुसरं नव्हतं. गुडघे हनुवटीपर्यंत आले.

त्यांनी विचारलं, कधीपासून? मी तोंड उघडलं, पण जिभेवरच्या फोडांमुळे वेळ लागत होता. सासूबाई माझ्या डोक्यावरून म्हणाल्या, "शनिवारपासून. अंगाला हात लावू देत नव्हते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खातात का? बायको म्हणाली, "काल दुपारपासून काही नाही. दिलं की तोंड फिरवतो." पाणी? "थोडं थोडं. पाजावं लागतं." झोप? "दचकत दचकत. मध्येच गाड्यांची नावं घेतो." चिडचिड? दोघींनी एकदम मान हलवली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लघवी कधी केली? आणि दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.

सकाळी, मी म्हणालो. शक्य तितक्या प्रतिष्ठेने.

बायको त्यांना म्हणाली, खात्री नाही, मी बघितलं नाही.

त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं. मी लगेच, पूर्ण उघडलं. दिवा घशापर्यंत गेला तरी हललो नाही, रडलो नाही, त्यांचा हात धरला नाही. डोळ्यांत थेंब घालताना फक्त एकदा बायकोची ओढणी पकडली. औषध लिहून देताना डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या, "मूल समजूतदार आहे हो तुमचं."

गुंडी तेव्हा बाहेर होती, त्या अभिनंदनवाल्या आजोबांच्या खिशातला पेन काढत.